येळवशीला अर्धा पाहिलेला सिनेमा

गंजगोलाईत रस्त्याच्या कडेला मातीच्या बिंदग्या मांडल्या गेल्या की आम्हा लातूरकरांना कॅलेंडर बघावं लागत नाही. बिंदगी म्हणजे आंबिलीचं छोटं मडकं. परवा शाळेतून येताना एका म्हातारीनं पोत्यावर पंचवीसेक बिंदग्या उपड्या घातलेल्या दिसल्या. शेजारी ओल्या तुरीच्या शेंगांचा ढीग, पलीकडे वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे. त्या डहाळ्यांचा आंबूस वास थंडीत मिसळला होता. मी गाडी बाजूला लावून उगाच उभा राहिलो. भूक लागली. आणि भुकेच्या पाठोपाठ, दरवर्षी वाटते तशी, थोडी लाज वाटली.

मार्गशीर्षाची अमावास्या. पंचांगात वेळा अमावास्या, आमच्या तोंडी येळवस. ज्वारी पोटरीत आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, थंडी सकाळी बोचते आणि दुपारी विसरून जाते. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा करायची, शिवारभर आंबील शिंपडायची आणि मग पोटाला तडस लागेस्तोवर जेवायचं. ज्याला शेत आहे तो शेत नसलेल्याला बोलावतो, आणि बोलावलेल्यानं जायचंच असतं. शहरात त्या दिवशी माणूस दिसत नाही. दुकानांची शटरं खाली. क्लासेसच्या गल्लीत एरवी सायकलींमधून वाट काढावी लागते, तिथं चक्क वारा ऐकू येतो.

अशा दिवशी मी सिनेमा बघायला गेलो होतो, ही माझी पहिली चूक. ती चूक आहे हे मला बरंच उशिरा कळलं.

मी एका शाळेत मराठी शिकवतो आणि पुष्कळ वर्षं नांदेडहून निघणाऱ्या एका दैनिकाच्या रविवारच्या पानावर सिनेमांबद्दल लिहितो. साडेचारशे शब्द. ‘जमेच्या बाजू’ आणि ‘पडत्या बाजू’ असे दोन ठरलेले उपमथळे, खाली माझं नाव. बायको म्हणते, "तुम्ही भाजीचं बी तसंच करता. आधी जमेची बाजू, मग मीठ." पण मला त्या सदराचा अभिमान होता. आपल्याला फार काही येत नसलं तरी आपण खोटं लिहीत नाही, हे मी स्वतःला अनेकदा ऐकवलेलं होतं.

त्या वर्षी येळवस नेमकी शुक्रवारी आली आणि त्याच शुक्रवारी तो हेलिकॉप्टरचा सिनेमा लागला. लष्कराची हेलिकॉप्टर तुकडी, सरहद्दीवरचे डोंगर, अडकलेले जवान, त्यांना आणायला निघालेला वैमानिक. शनिवारी शाळा आणि संध्याकाळपर्यंत मजकूर पाठवायचा, म्हणून शुक्रवारी दुपारचा खेळ गाठण्यावाचून इलाज नव्हता. माझे सहकारी बिराजदार सर यांच्या निलंग्याच्या वाटेवरच्या शेतात आमचं जेवण ठरलेलं होतं. बायको त्यांच्या मंडळींबरोबर सकाळीच पुढे गेली. मी म्हणालो, "सिनेमा उरकून येतो."

थेटरात आम्ही नऊ जण होतो. त्यातले दोघं झोपायलाच आलेले.

सिनेमाची सुरुवात मात्र अशी होती की मी खुर्चीत पुढे सरकलो. आधी पडदा नुसता पांढरा. धुकं. मग लांबून आवाज, पाखराच्या पंखांपेक्षा थोडा जड, आणि तो छातीत शिरेपर्यंत हेलिकॉप्टर दिसतच नाही. दिसतं तेव्हा ते खळ्याएवढ्या सपाट जागेवर उतरत असतं, एका चाकाखाली दगड आणि दुसऱ्या चाकाखाली दरी. दिग्दर्शकानं तिथं संगीत वाजवलं नाही, हे मला फार आवडलं. वैमानिकाचं काम करणारा नटही बरा होता. त्याचे हात शांत होते. पुढं मात्र सिनेमा आपल्या वळणावर गेला. नायिकेला डोंगरावर विनाकारण शिफॉनची साडी नेसवली. शत्रूचा अधिकारी एकटाच असताना मोठमोठ्यानं बेत बोलून दाखवू लागला. नायकाच्या बंदुकीतल्या गोळ्या संपेनात. छावणीत एक लांबलचक भाषण झालं, ते ऐकून झोपलेल्यांपैकी एक जण जागा झाला आणि पुन्हा झोपला.

तेवढ्यात फोन थरथरला. बिराजदार सर.

"सर, कुठं हाव?"

"थेटरात. मध्यंतर होतंय आता."

"अवो, भज्जी निवू लालीय. पाहुणे जेवून उठले. तुमच्यासाठी आमची आई बसून हाय बिनजेवता."

मागून बायकोचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, त्या हेलिकॉप्टरमधीच बसून या."

मी हसलो. पडद्यावर मध्यंतराची पाटी आली. मी उठलो. त्या क्षणी मला काहीही वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. आजवर इतके सिनेमे पाहिले होते. पहिल्या भागावरून दुसरा कळतोच, अशी माझी खात्री होती. गाडी सुरू करताना मनात सिनेमा नव्हता, वालाच्या शेंगा होत्या.

त्या दुपारसारखा मी पुन्हा जेवलो नाही. कडब्याच्या कोपीत ऊन चाळणीतून गाळल्यासारखं येत होतं. बाजरीचे वाफवलेले उंडे, ओल्या शेंगांची डाळीच्या पिठातली दाट भज्जी, तीळ लावलेली भाकरी, गव्हाची खीर, आणि बिंदगीतून ओतलेली गार आंबील. बिराजदारांच्या आईनं मला वाढलं आणि मगच स्वतः घास घेतला. जेवून मी ज्वारीच्या कडेला आडवा झालो, तोंडावर रुमाल टाकला. दूर कुणीतरी झोक्यावर किंचाळत होतं. जगाशी माझं काहीही भांडण नव्हतं.

आणि शनिवारी संध्याकाळी मी साडेचारशे शब्द लिहिले.

जमेच्या बाजू दीडशे शब्दांत आटोपल्या. पडत्या बाजूंत साडी, भाषण आणि न संपणाऱ्या गोळ्या आल्या. तरी शंभरेक शब्द कमी पडत होते. मग मला एक मुद्दा सुचला आणि तो सुचल्याचा आनंद झाला. मी लिहिलं: ‘या सिनेमाला जमिनीवरची माणसं दिसतच नाहीत. हेलिकॉप्टर जणू आपोआप दुरुस्त होतं आणि आपोआप उडतं. ज्यांच्या काळ्या हातांवर वैमानिकाचा जीव अवलंबून असतो त्या मेकॅनिकांना दिग्दर्शकानं एका प्रसंगाचीही जागा दिलेली नाही.’ वाक्य जमलं होतं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पण तुम्ही तर अर्धाच पाह्यलाव ना?" मी म्हणालो, "अगं, कळतं."

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटताना शिपाई सांगत आला की देवणीहून कुणी भेटायला आलंय. फाटकाशी साठीचा एक माणूस उभा होता. पांढरी दाढी नेटकी कापलेली, बूट चकाकत होते. पाठ इतकी ताठ की मीही नकळत सरळ झालो.

"सर, मी चाँदपाशा. देवणीला पंपाच्या जळलेल्या मोटारी भरायचं दुकान हाय माझं. त्याच्या आधी मिलिट्रीत होतो. हेलिकॉप्टरला मेकॅनिक." त्यांनी खिशातून घडी केलेलं कात्रण काढलं. माझंच. "तुमचं दर इतवारी वाचतो मी. चांगलं लिहून राहिले तुम्ही. एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा की."

"इंटरवलच्या नंतरचं तुम्ही कायच कसं लिहिलं न्हाई?"

शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. साताऱ्याकडच्या त्यांच्या जुन्या साथीदारानं पहिल्याच दिवशी सिनेमा पाहून फोन केला होता: पाशा, दुसरा भाग आपलाच आहे, हत्यारं मोजताना दाखवलंय, पोराला घेऊन जा. हेलिकॉप्टरवर काम झालं की प्रत्येक हत्यार मोजून फळीवर लावायचं, एक जरी कमी भरलं तरी मेकॅनिकनं सही करायची नाही आणि सही नसेल तर हेलिकॉप्टर उडायचं नाही, अशी तिथली रीत. पाशाभाईंनी नोकरीत असताना एकदा असंच एका पान्यासाठी हेलिकॉप्टर थांबवलं होतं. ते उडवायला निघालेले मेजरसाहेब ओरडत राहिले, हे सही करेनात. शेवटी पाना इंजिनात सापडला. ही गोष्ट ते देवणीत पंधरा वर्षं सांगत होते आणि देवणी पंधरा वर्षं हसत होती. पंपाची मोटार घेऊन येणारा शेतकरी म्हणे, "चाचा, नीट मोजा बरं. एक पाना कमी पडला तर आमची मोटार उडायची न्हाई."

"बाहेरच्यांचं सोडा," पाशाभाई म्हणाले. "माझा पोरगा अझर, माझ्याच दुकानात बसतो. त्याला बी वाटतं अब्बा फेकतात. हवालदार कुठं मेजरसाहेबाला न्हाई म्हणतो का? म्हणलं, चल, तुला दाखवतो. इतवारी निघणार होतो लातूरला. सकाळी त्यानं पेपर उघडला, तुमचं वाचून दाखवलं आणि म्हणला, बघा, सरांनी लिहिलंय, तसलं कायच न्हाई त्यात. झालं. राहिलं जायचं. गुरवारी सिनेमा उतरला. काल त्या दोस्ताचा फोन आला, लई भांडला माझ्यासंगं. म्हणून आलो. तुमच्याकडून काही सुटलं का माझा दोस्तच चुकला, येवढंच इचारायचंय."

त्या वेळी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. सोपं वाक्य होतं.

मी म्हणालो, "पाशाभाई, येळवस होती हो. थेटरात आम्ही नऊ माणसं. त्यांनी बहुतेक मधला भाग गाळला असेल."

‘बहुतेक’ या शब्दाच्या आडोशाला मी उभा राहिलो.

"गाळला?" ते उठलेच. "तिकीट काढून बसलेल्या माणसाला सिनेमा गाळून दाखवतात? चला सर, आत्ता मॅनेजरला इचारू. मी येतो संगं."

मी घाईनं त्यांना थांबवलं. "नको नको. आता उतरलाच आहे तो. नांदेडला अजून लागलाय. उद्या रविवार, आपण नांदेडला जाऊ. माझ्या गाडीनं. अझरलाही आणा."

माझी भीती त्यांना माझा चांगुलपणा वाटली. "तुम्ही कशाला तकलीफ घेता सर," असं म्हणत त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या हातांना ग्रीसचा आणि वॉर्निशचा वास होता. घरी येऊन मी हात धुतले नाहीत, नुसता बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी बापलेक अहमदपूरच्या स्टँडवर उभे होते. अझर पंचविशीचा, केसांना जेल, कानात हेडफोन. पाशाभाई इस्त्रीच्या शर्टात. लोहा आल्यावर अझर मागून म्हणाला, "सर, तुम्ही शिकलेले हाव. तुम्हीच सांगा, एका पान्यासाठी हेलिकॉप्टर थांबवतात का कुणी?"

"तू बघशील आता," पाशाभाई म्हणाले.

"बघतो की. नसलं तर जाताना बिर्याणी तुमची."

नांदेडच्या थेटरात पाशाभाई आमच्या दोघांच्या मध्ये बसले. मी आयुष्यभर पडत्या बाजू लिहिल्या, पण त्या दुपारी ऐकल्या तशा कधी सुचल्या नव्हत्या. वैमानिक आणि अधिकारी फिरत्या पंख्याखाली उभं राहून बोलू लागले की पाशाभाई कुजबुजायचे, "झूट. तिथं कानात ओरडलं तरी ऐकू येत न्हाई, हातानं खुणा करत्यात." हेलिकॉप्टर उतरलं तर, "धूळ कुठं हाय? डोळ्यात जाती, दातात जाती." एक मेकॅनिक पडद्यावर येऊन गेला तर ते चमकले. "अरे, बोटात अंगठी! अंगठी घालून इंजिनात हात घालू देत्यात का? बोट जाईल तुटून." साडीकडे आणि भाषणाकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मी जिथं सिनेमा बघत होतो तिथं ते नव्हतेच.

मध्यंतर झालं. आम्ही जागचे हललो नाही.

दुसऱ्या भागात बर्फाच्या कड्यावर सात जवान अडकलेले आणि हवा बिघडत चाललेली. छावणीच्या शेडमध्ये एक काळी फळी. तिच्यावर प्रत्येक हत्याराची पांढरी आकृती रंगवलेली, ज्याची त्याची जागा ठरलेली. म्हातारा मेकॅनिक एकेक हत्यार लावत जातो आणि शेवटी एक पांढरी आकृती रिकामी राहते. बाहेर वैमानिक बसून तयार. साहेब येतो, घड्याळ दाखवतो, ओरडतो, हात जोडतो. म्हातारा रजिस्टर छातीशी धरून उभा. सही करत नाही. पुष्कळ वेळ पडद्यावर तेवढंच होतं: एक चेहरा, एक रिकामी आकृती आणि पत्र्यावरचा वारा. एक सूर नाही संगीताचा. त्या वर्षी मी पाहिलेल्या सगळ्या सिनेमांतला तो सर्वांत चांगला प्रसंग होता, आणि मी तो नसल्याचं छापून मोकळा झालो होतो.

मी तिरपं पाहिलं. अझरनं हेडफोन काढून हातात धरले होते. पाशाभाईंचे ओठ हलत होते. पक्कड, आठचा पाना, दहाचा, बाराचा. ते फळी मोजत होते.

पाना इंजिनात सापडला. हेलिकॉप्टर उडालं. दिग्दर्शक त्याच्यामागे डोंगरात गेला, गोळ्या सुटल्या, आग लागली. मग अचानक पुन्हा शेडबाहेरचा म्हातारा दाखवला. मान वर करून उभा, हातात फडकं. पाशाभाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "हे खरं हाय. ते परत येईस्तोवर आमी चहाला बी जात न्हवतो."

मी खुर्चीत लहान झालो.

नंतर मी संपादकांना फोन करून चूक दुरुस्त करतो म्हणालो होतो. ते हसले. "सर, सिनेमा उतरला. आता कोण विचारतंय? सोडा." मी सोडलं. पुढं कितीतरी रविवार माझ्या नावानं पडत्या बाजू छापून आल्या. आज हे इथं लिहितोय, ते त्या दुरुस्तीऐवजी.

परतताना माळाकोळीच्या आसपास ऊन कलंडलं होतं. दोन्ही बाजूंना करडई, मधूनच ज्वारी. मग अझर म्हणाला, "अब्बा, माफ करा. मला वाटायचं तुम्ही फेकता."

पाशाभाई काचेबाहेर बघत होते. "थोडं फेकलंच होतं बेटा."

"म्हंजे?"

"हेलिकॉप्टर थांबवलं ते खरं. सही न्हाई केली ते खरं. पण पाना इंजिनात न्हवता. चार तास पोरांनी सगळं इंजिन उघडलं. मग मी हात पुसायला खिशातलं फडकं काढलं, आणि पाना खाली पडला. माझ्याच खिशात होता."

अझर मागच्या सीटवरून पुढं सरकला.

"मग गुपचूप फळीवर लावून टाकायचा," अझर म्हणाला. "कुणाला कळणार होतं?"

"हात गेला होता फळीकडं. पण ती पोरं समोर बसलेली, कोपरापर्यंत काळी. म्हणलं, न्हाई. साहेबाला जाऊन सांगितलं."

"काय म्हणले?"

"माझ्या सात पिढ्या काढल्या. मग म्हणले, आता सही कर, मी निघतो." पाशाभाई थोडं हसले. "गावात खिशातला पाना कोण ऐकतो? इंजिनातला ऐकत्यात. या सिनेमावाल्याला बी ते मालूम हाय."

अझरनं मागून वाकून वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "खिशातला भारी हाय अब्बा," तो म्हणाला. "मी दुकानात हाच सांगणार."

मी गाडी कडेला घेतली. पाशाभाईंना वाटलं टायर बसलं. ते दार उघडू लागले, तर मी म्हणालो, "थांबा. पाशाभाई, थेटरवाल्यांनी काही गाळलं नव्हतं. मीच मध्यंतराला उठून गेलो होतो. बिराजदार सरांच्या शेतात, जेवायला. अर्धा बघून लिहिलं, आणि तुम्ही आलात तेव्हा परत खोटं बोललो."

अझर आधी हसला. मग त्यानं वडिलांकडे बघितलं. पाशाभाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, मोटार उघडून आत काय जळलंय ते बघावं तसे. रागावलेले नव्हते.

"येळवस होती सर," ते म्हणाले. "उठून गेलाव ते बरोबरच केलाव. जायलाच पाहिजे. फक्त मग खाली सही करायची न्हाई."